मलावीचा शेंगदाणा, पटनचेरूची अँटिबॉडी : अफ्लाटॉक्सिन तपासणीचा एक प्रकरण अभ्यास

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला देश. शेंगदाणा तिथे लहान शेतकऱ्याचं पीक आहे, आणि एके काळी तो युरोपात बऱ्यापैकी जायचा. 1980 चं दशक संपता संपता ही निर्यात ढासळली. सरकारी खरेदीची विस्कटलेली घडी, भाव, वाहतूक अशी कारणं एकाहून जास्त होती. पण परतीचा दरवाजा अडवून बसलं ते अफ्लाटॉक्सिन, दाण्यावरच्या बुरशीने बनवलेलं विष. मलावीतून माल निघतो तो मोझांबिकच्या बेइरा किंवा नकाला बंदरातून, नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या डरबानहून. एवढा प्रवास करून गेलेला कंटेनर तिकडे नापास झाला की भाडं, माल आणि पत तिन्ही जातात. म्हणजे माल लादण्याआधीच प्रत्येक लॉटचा विषाचा आकडा हातात हवा, आणि तो लहान शेतकऱ्यांच्या संघटनेला परवडेल अशा खर्चात हवा.

ही संघटना म्हणजे 1997 मध्ये स्थापन झालेली नास्फाम, मलावीच्या लहान शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना. तपासणीचं तंत्र आलं हैदराबादजवळच्या पटनचेरूहून, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या मुख्यालयातून. तिथे अफ्लाटॉक्सिन बी1 विरुद्ध सशांत आणि उंदरांच्या पेशींपासून अँटिबॉडी (परका रेणू ओळखून धरणारी, दोन हातांची प्रथिनं) तयार झाल्या, त्यांवर स्पर्धात्मक एलायझा, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून विष मोजणारी चाचणी, बसवली गेली आणि लिलाँग्वेजवळच्या चिटेड्झे संशोधन केंद्रावर प्रयोगशाळा उभी राहिली. एका नमुन्याचा खर्च 25 डॉलरवरून 1 डॉलरच्या आसपास आला, असं इक्रिसॅट सांगते. 2000 च्या दशकात म्चिंजी भागातल्या शेतकऱ्यांचा शेंगदाणा फेअरट्रेडच्या, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या व्यापाराच्या, वाटेने ब्रिटनच्या दुकानांत पुन्हा पोचला.

हे प्रकरण यशोगाथा म्हणून बरेचदा सांगितलं जातं. इथे मात्र ते तंत्राच्या अंगाने उलगडायचं आहे: अँटिबॉडीचे गुण नेमके कुठे ठरतात, ती नव्याने घडवून काय सुधारतं, आणि कितीही घडवली तरी काय तसंच राहतं.

मर्यादा आणि आकडे

ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी बी1 आणि बी2 बनवते. ॲस्परजिलस पॅरासिटिकस यांच्या जोडीला जी1 आणि जी2 ही. बी म्हणजे अतिनील प्रकाशात निळं चमकणारं, जी म्हणजे हिरवं. चौघांत बी1 सर्वांत घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारं म्हणून सिद्ध. शेंगदाण्याची अडचण अशी की शेंग जमिनीत वाढते आणि बुरशी जमिनीतच असते. काढणीच्या आधीच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ताण दिला आणि माती तापली, की बुरशी शेंगेत शिरते. पुढे वाळवणीत हयगय झाली की ती फोफावते. मलावीत आणखी एक भर पडते. हाताने शेंगा फोडायला टरफल मऊ व्हावं म्हणून वाळलेल्या शेंगा पाण्यात भिजवतात. आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून आणलेला दाणा त्या एका भिजवणीने पुन्हा बुरशीच्या ताब्यात जातो.

युरोपीय संघाची मर्यादा थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी बी1 ला किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आणि चारही मिळून 4 मायक्रोग्रॅम. निवडून-सोलून प्रक्रिया होणार असेल तर 8 आणि 15. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा प्रक्रियेच्या शेंगदाण्यासाठी एकूण 15, अमेरिकेची 20. किलोमागे मायक्रोग्रॅम म्हणजेच व्यापारातला पीपीबी (अब्ज भागांत किती भाग). पुढची सगळी आकडेमोड याच एककात आहे.

रेणूला धरायचं कुठे

बी1 चा रेणुभार 312. इतक्या लहान रेणूची प्रतिकारयंत्रणा दखलच घेत नाही. त्याला एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवावं लागतं. जोडणीला अमाइन किंवा कार्बोक्झिल गट हवा, आणि बी1 कडे दोन्ही नाहीत. आहे तो सायक्लोपेन्टेनोन कड्यावरचा एक कीटोन. त्यावर कार्बोक्सिमिथाइल हायड्रॉक्सिलअमाइनची क्रिया केली की ऑक्झाइम तयार होतं आणि त्याच्या टोकाला कार्बोक्झिल गट मिळतो. तो कार्बोडायइमाइडने सक्रिय करून गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनच्या, म्हणजे बीएसएच्या, लायसिन या अमिनो आम्लाला जोडायचा. चू आणि उएनो यांनी 1977 मध्ये हा मार्ग दाखवला आणि आजही बहुतेक ठिकाणी तोच वापरतात.

सगळा कस इथेच ठरतो. कीटोनकडचं टोक प्रथिनात रुतलं, म्हणून अँटिबॉडीला दिसतं ते दुसरं टोक, एकमेकांना जोडलेली दोन फ्युरान कडी. बी1 आणि जी1 यांचं हे टोक सारखं आहे. बी2 आणि जी2 मध्ये तिथला दुहेरी बंध नाही. त्यामुळे अशी अँटिबॉडी बी1 सोबत जी1 लाही कमी-अधिक ओळखते, आणि बी2, जी2 कडे बरंच दुर्लक्ष करते. उलट बी1 पासून बनवलेल्या बी2ए या रूपातून, फ्युरानच्या टोकाने जोडणी केली, तर सायक्लोपेन्टेनोनचं टोक उघडं राहतं आणि अँटिबॉडी बी आणि जी यांत फरक करायला शिकते. म्हणजे 'बी1 मोजायचं की एकूण मोजायचं' हा निर्णय ससा आणण्याआधी रसायनाच्या टेबलावर घ्यायचा असतो. नंतर कितीही चाळण्या लावा, जे टोक प्रतिकारयंत्रणेला दाखवलंच नाही ते ओळखणारी अँटिबॉडी सहसा मिळत नाही.

व्यवहारात तीन गोष्टी बिघडतात. ऑक्झाइम नीट शुद्ध झालं नाही तर मोकळं बी1 सोबत राहतं. ते जोडलं जात नाही, पण 362 नॅनोमीटरवरच्या प्रकाशाच्या शोषणात मिसळून जोडणीचं प्रमाण फुगवून दाखवतं. म्हणून आधी पातळ थरावर अतिनील दिव्याखाली तपासायचं आणि जोडणीनंतर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बदलत डायलिसिस, म्हणजे पडद्यातून मोकळे लहान रेणू काढून टाकणं, पुरेसं चालवायचं. दुसरं, प्राण्याला टोचायच्या संयुगात एका बीएसएवर विषाचे रेणू दाट असलेले चालतात. प्लेटवर लेपायच्या संयुगात मात्र ते विरळ हवेत. लेप दाट झाला की अँटिबॉडी दोन्ही हातांनी प्लेटला चिकटून बसते आणि नमुन्यातलं मोकळं विष तिला सोडवू शकत नाही. तिसरं सर्वांत फसवं. काही अँटिबॉडी नुसत्या विषाला ओळखत नाहीत, 'विष अधिक जोडणीचा पूल' या जोडगोळीला ओळखतात. प्लेटवर त्या झकास रंग देतात, नमुन्यातल्या विषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

म्हणून ससा निवडताना त्याचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, अँटिबॉडी असलेला द्रव) किती पातळ केलं तरी रंग येतो हे पाहण्यात फारसा अर्थ नाही. किती कमी मोकळ्या विषाने तो रंग निम्मा होतो हे पाहायचं. सीरमचा जोर मोठा आणि स्पर्धा कमकुवत, असा ससा कितीही गोंडस असला तरी कामाचा नाही.

प्लेटवरची कृती

पद्धत साधी आहे, म्हणूनच ती चिटेड्झेला रुजली. बी1-बीएसए संयुग कार्बोनेट बफरमध्ये, पीएच 9.6 ला, मिलिमागे 100 नॅनोग्रॅम इतकं घेऊन 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी 150 मायक्रोलिटर घालतात आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी 0.05 टक्के ट्वीन घातलेल्या फॉस्फेट बफरने तीन वेळा धुतात आणि रिकाम्या जागा 0.2 टक्के बीएसएने झाकतात.

दाण्याचं पीठ करून त्यातलं 20 ग्रॅम घेतात. त्यात 100 मिलि 70 टक्के मिथेनॉल, त्यातच 0.5 टक्के पोटॅशियम क्लोराइड. मिक्सरमध्ये फिरवून अर्धा तास हलवायचं, गाळायचं. गाळलेला अर्क बफरमध्ये दहापट पातळ करायचा, म्हणजे मिथेनॉल 7 टक्क्यांवर येतं. या पातळ अर्काचे 100 मायक्रोलिटर आणि सुमारे 1:6000 पातळ केलेल्या सीरमचे 50 मायक्रोलिटर असे खळग्यात एकत्र येतात. नमुन्यात विष जास्त असेल तर अँटिबॉडी तिथेच गुंततात, प्लेटला चिकटायला कमी उरतात. तासाभराने धुऊन सशाच्या अँटिबॉडीला धरणारी, अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं, मग त्या एन्झाइमने पिवळं होणारं पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. पिवळा रंग 405 नॅनोमीटरवर मोजायचा. रंग गडद तर दाणा स्वच्छ, रंग फिका तर विष.

हिशेब: खळग्यातल्या अर्कात मिलिमागे जितके नॅनोग्रॅम येतील त्याला दहा (पातळ केल्याचे) आणि शंभर भागिले वीस (अर्काचे) यांनी गुणायचं. म्हणजे पन्नासने. 0.4 नॅनोग्रॅम वाचलं तर दाण्यात किलोमागे 20 मायक्रोग्रॅम.

चुका बहुधा पुढच्या ठिकाणी होतात. प्रमाणित द्रावणं नुसत्या बफरमध्ये बनवली की दाण्याच्या अर्काशी तुलना जुळत नाही. अर्कातलं तेल आणि सालीतले टॅनिन अँटिबॉडीला अडथळा करतात, रंग उगीच फिका पडतो आणि स्वच्छ दाणा विषारी ठरतो. यावर उपाय म्हणजे खात्रीच्या निरोगी दाण्याचा अर्क तसाच काढून, तितकाच पातळ करून, त्यात प्रमाणित विष घालायचं. असा निरोगी दाणा हातवेचणीने निवडून ठेवावा लागतो, आणि तो आधी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासलेला हवा. दुसरी चूक धुण्यातली. फॉस्फेट बफर खळग्यात उरला की तो अल्कलाइन फॉस्फेटेजलाच आवळतो, कारण फॉस्फेट हे त्या एन्झाइमचं स्वतःचं उत्पादन आहे. प्लेट कागदावर जोरात आपटून कोरडी केल्याशिवाय शेवटचं द्रावण घालू नये. तिसरी, कडेचे खळगे. इन्क्युबेटरमध्ये प्लेटीवर प्लेट रचली की कडेला ऊब आधी पोचते, मधल्या खळग्यांना उशिरा. एकाच नमुन्याचे दोन आकडे येतात. आणि मिथेनॉल: दहापटीऐवजी पाचपट पातळ करून 'संवेदनक्षमता वाढवायची' ही हुशारी अनेकांना सुचते. 14 टक्के मिथेनॉलमध्ये सीरमची पकड ढिली होते आणि मिळवलेलं सगळं तिथेच जातं.

हाताळणीबद्दल एकच. कोरडं प्रमाणित विष कधीही उघडं चमच्याने घ्यायचं नाही. त्याची भुकटी स्थिर विजेने उडते. कुपीतच मिथेनॉल सोडून विरघळवायचं, तपकिरी काचेत ठेवायचं, आणि वापरलेली भांडी सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवल्याशिवाय धुवायला द्यायची नाहीत.

किती तीक्ष्ण अँटिबॉडी हवी

वरचा पन्नासचा गुणक उलटा लावून पाहिला की या प्रकरणाचा खरा पेच दिसतो. अमेरिकेची 20 ची मर्यादा म्हणजे अर्कात मिलिमागे 0.4 नॅनोग्रॅम. कोडेक्सची 15 म्हणजे 0.3. युरोपची एकूण 4 म्हणजे 0.08, आणि बी1 ची 2 म्हणजे 0.04. स्पर्धात्मक चाचणीत भरवशाचा पट्टा हा रंग वीस ते ऐंशी टक्के उतरण्याच्या दरम्यान असतो. निर्णयाचा आकडा त्याच्या मधोमध पडावा. 4 ला मध्य धरला तर 0.08 नॅनोग्रॅमला रंग निम्मा व्हायला हवा. त्यात अँटिबॉडीचे 50 मायक्रोलिटर मिसळल्यावर प्रत्यक्ष सांद्रता दोन-तृतीयांशावर येते, म्हणजे 0.053 नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे 0.17 नॅनोमोलर. रंग निम्मा करणारी सांद्रता अँटिबॉडीच्या विलगन स्थिरांकाच्या (हा जितका लहान तितकी पकड घट्ट) फार खाली जाऊ शकत नाही. अर्थात स्थिरांकही साधारण त्याच पायरीवर, एका नॅनोमोलरच्या बराच आत हवा.

चांगलं सीरम तिथवर पोचतं, पण काठावर. आणि काठावर असलेल्या सीरमची दुसरी अडचण म्हणजे ससा मरतो. पुढच्या सशाचं सीरम वेगळं, त्याची जी1 ची ओळख वेगळी. समजा एका नमुन्यात बी1 चे 3 आणि जी1 चे 3 आहेत. अँटिबॉडी जी1 ला तीस टक्केच ओळखत असेल तर वाचन 3.9 येईल. युरोपच्या 4 खाली, पास. खरा आकडा 6. बंदरावरच्या एचपीएलसीला तो 6 दिसणारच.

सीरमच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 1:6000 पातळ केलेल्या एका मिलि सीरमपासून सहा लिटर द्रावण होतं, प्रत्येक खळग्याला 50 मायक्रोलिटर धरले तर 1,20,000 खळगे. एका सशाच्या काही मिलि सीरममध्ये एका देशाची कितीतरी हंगामांची तपासणी भागते. जनुकांपासून नव्याने घडवलेल्या अँटिबॉडीबद्दल 'रिकॉम्बिनंट अँटिबॉडी म्हणजे स्वस्त अँटिबॉडी' असं सरसकट लिहिलं जातं. या प्रकरणात तरी ते खरं नाही. नव्याने घडवायची ती स्वस्ताईसाठी नाही. दर खेपेला तीच मिळावी आणि हवे ते गुण वळवता यावेत म्हणून.

घडवण्याची वाट

सुरुवात बहुधा चांगल्या हायब्रिडोमापासून होते, म्हणजे एकच अँटिबॉडी सतत बनवणाऱ्या संकरित पेशीपासून. इक्रिसॅटने बी1 विरुद्धच्या अशा, म्हणजे मोनोक्लोनल, अँटिबॉडी 1999 मध्ये प्रसिद्ध केल्या. अशा पेशीतून आरएनए काढायचं, त्याची डीएनए प्रत करायची आणि अँटिबॉडीच्या जड व हलक्या साखळीचे बदलते, म्हणजे विष धरणारे, भाग पीसीआरने वाढवायचे. इथेच एक जुना खड्डा आहे. हायब्रिडोमा बनवताना वापरलेल्या मायलोमा (कर्करोगाच्या) पेशींकडे स्वतःच्या हलक्या साखळीची एक निकामी प्रत असते आणि तिचं आरएनए भरपूर बनतं. पीसीआर आनंदाने तीच वाढवतं. क्रमवारी न वाचता पुढे गेलं तर आठवडे वाया जातात आणि हाती येते ती कशालाच न चिकटणारी अँटिबॉडी. त्या निकामी साखळीची क्रमवारी सर्वश्रुत आहे. पहिल्याच वाचनात ती ताडून बाजूला काढावी.

दोन्ही भाग ग्लायसिन-सेरीनच्या पंधरा अमिनो आम्लांच्या दुव्याने जोडले की एससीएफव्ही, म्हणजे एकाच साखळीची छोटी अँटिबॉडी, तयार होते: सुमारे 27 ते 30 किलोडाल्टन, पूर्ण अँटिबॉडीच्या पाचव्या हिश्शाएवढी. ती फाजच्या (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या) टोकावर दिसेल अशी बसवून ई. कोलाय या जिवाणूत वाढवतात आणि मग निवड. हायब्रिडोमाऐवजी टोचणी न केलेल्या माणसांच्या जनुकांच्या मोठ्या संचातूनही निवडता येतं. अफ्लाटॉक्सिन बी1 साठी अशा निवडीचं काम 2001 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि 2002 मध्ये डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीतून एससीएफव्हीवर आधारलेलं आणखी एक.

लहान रेणूसाठी निवड करताना नेहमीची कृती चालत नाही. बी1-बीएसएवर फाज सोडले तर बीएसएला चिकटणारेच ढिगाने येतात. म्हणून पहिल्या फेरीत बीएसए, दुसरीत ओव्हाल्ब्युमिन असं वाहक प्रथिन बदलत राहायचं, आणि प्रत्येक फेरीआधी फाज नुसत्या वाहकावरून गाळून घ्यायचे. लेप दर फेरीला दहापट कमी करायचा, मिलिमागे 10 मायक्रोग्रॅमपासून 1 आणि मग 0.1 पर्यंत. सोडवायला आम्ल वापरलं तर सगळेच सुटतात, पुलाला चिकटलेलेही. मोकळ्या बी1 ने सोडवले तर मोकळ्या बी1 ला ओळखणारेच बाहेर येतात. सर्वांत घट्ट पकडवाले मात्र मोकळ्या विषानेही लवकर सुटत नाहीत, त्यांना वेळ द्यावा लागतो. पहिल्या अर्ध्या तासात सुटलेले फेकून, रात्रभर भिजवून सुटलेले ठेवायचे. तीन-चार फेऱ्या पुरतात. त्याहून जास्त फेऱ्या म्हणजे भरभर वाढणाऱ्या फाजची निवड. पकडीशी तिचा संबंध उरत नाही.

निवडलेली एससीएफव्ही बहुतेक वेळा मूळ मोनोक्लोनलपेक्षा मवाळ निघते. कधी उलट ती फार तीक्ष्ण वाटते, तेव्हा शंका घ्यावी: दोन रेणू एकमेकांत अडकून जोडी बनली असेल आणि दोन हातांनी प्लेट धरत असेल. जेल फिल्ट्रेशनवर (रेणू आकारानुसार वेगळे करण्याच्या रीतीने) एकट्याचा भाग वेगळा काढून मोजल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. पकड वाढवायला मग बदल घडवायचे. एखादं अमिनो आम्ल ॲलनिनने बदलून कोणतं खरंच विषाला टेकलं आहे ते शोधायचं. टेकलेल्याला हात न लावता त्याच्या शेजाऱ्यांत विविधता आणायची आणि पुन्हा निवड करायची. जी1 ची ओळख वाढवायची असेल तर एका फेरीत बी1 वर, पुढच्या फेरीत जी1 वर निवडायचं. पुलाला चिकटण्याची खोड असेल तर जोडणी वेगळ्या पुलाने करून त्यावर.

उत्पादनात ई. कोलायची वाढ चालू असताना एक टक्का ग्लुकोज ठेवून जनुक दाबून ठेवतात, मग ग्लुकोज काढून आयपीटीजी या रसायनाने चालू करतात आणि तापमान 37 वरून 25 ते 30 अंशांवर आणतात. घाई करून 37 लाच ठेवलं की प्रथिन पेशीत गोळा होऊन बसतं.

तिसरा पर्याय उंटाच्या कुळातून येतो. उंट, लामा, अल्पाका यांच्या रक्तात हलकी साखळी नसलेल्या अँटिबॉडी असतात हे 1993 मध्ये कळलं. त्यांचा बदलता भाग एकटाच काम करतो. वजन सुमारे 15 किलोडाल्टन, त्याला नॅनोबॉडी म्हणतात. लहान रेणू साधारणपणे जड आणि हलक्या साखळीच्या फटीत बसतो, आणि इथे ती फटच नाही, म्हणून पकड बहुधा कमी भरते. पण उष्णता आणि मिथेनॉल ती छान सोसते. चीनमध्ये 2014 मध्ये अफ्लाटॉक्सिनसाठी केलेल्या नॅनोबॉडीच्या कामाचा रोख नेमका मिथेनॉल सोसण्यावर होता. याचा फायदा आकड्यात पाहावा. अर्क दहाऐवजी तीनपटच पातळ केला, म्हणजे 23 टक्के मिथेनॉल, तर गुणक 50 वरून 15 वर येतो. 4 च्या मर्यादेसाठी अर्कात 0.08 ऐवजी 0.27 नॅनोग्रॅम ओळखलं की भागतं. पकड तिपटीने कमी असलेली अँटिबॉडी तेच काम करते. पकडीमागे आंधळेपणाने धावण्यापेक्षा द्रावक सोसण्याचा गुण आधी तपासावा, असं आमचं मत आहे. तेलाचा अडथळा मात्र तीनपटीत वाढतो, त्यामुळे निरोगी दाण्याच्या अर्कावर प्रमाण बसवणं इथे आणखी गरजेचं.

पोत्यातला एक दाणा

आता ज्या गोष्टीला कुठलीच अँटिबॉडी पुरी पडत नाही ती. शेंगदाण्यात विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच भयंकर. एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या वर विष मोजलं गेलं आहे. अर्धा ग्रॅमचा असा एक दाणा म्हणजे 500 मायक्रोग्रॅम विष. 50 किलोच्या पोत्यात तो एकटा असला तर पोत्याची सरासरी 10, युरोपच्या मर्यादेच्या अडीचपट. त्या पोत्यातून एक किलो नमुना काढला तर पन्नासपैकी एकोणपन्नास वेळा वाचन शून्य येईल आणि एकदा 500. दोन्ही वाचनं अचूक, आणि दोन्ही पोत्याबद्दल चुकीची.

म्हणूनच युरोपीय नियमांत मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणांहून थोडा थोडा मिळून 20 किलो नमुना घ्यायला सांगितलं आहे. 20 किलो म्हणजे साधारण चाळीस हजार दाणे. हा सगळा दळायचा, त्यातलं दोन किलो उचलून बाकीचं बाजूला, असं नाही. दाणा तेलकट असल्याने कोरडं दळताना त्याचा लगदा होऊन गिरणीला चिकटतो. पाणी घालून पातळ केलेला लगदा जास्त एकजीव होतो, मग अर्काच्या हिशेबात ते पाणी धरायचं. आणि दोन नमुन्यांच्या मधे गिरणी स्वच्छ करायची, नाहीतर आधीच्या वाईट लॉटचा चमचाभर लगदा पुढच्या चांगल्या लॉटला बुडवतो.

कमी विषाच्या शेंगदाण्यात एकूण अनिश्चिततेचा सर्वांत मोठा वाटा नमुना घेण्याचाच असतो. प्लेटवरची चूक त्यापुढे किरकोळ. एक डॉलरच्या तपासणीचं खरं मोल इथे आहे. 25 डॉलरला एकच नमुना तपासण्याऐवजी त्याच पैशात शेतकरी गटागटाचा माल वेगळा तपासता येतो, एकत्र मिसळण्याआधीच वाईट ढीग बाजूला काढता येतो. हे काम आणखी मागे, खरेदी केंद्रावर न्यायचं तर पट्टीची चाचणी लागते: कागदावर सोन्याच्या कणांना जोडलेली अँटिबॉडी, आणि विष-बीएसएची एक रेघ. ती वाचताना हमखास घोळ होतो, कारण कोविडच्या किटची सवय उलटी आहे. इथे रेघ उमटली तर माल चांगला, गायब झाली तर विष. पट्टी बनवताना रेघ मर्यादेच्या थोडी आधीच पुसट व्हावी इतकीच अँटिबॉडी घालतात. जास्त घातली तर पट्टी दिसायला सुंदर, आणि 20 चा माल पास.

बाजूला काढलेल्या दाण्याचं काय

हातवेचणीत सुरकुतलेले, काळवंडलेले, फुटके दाणे निघतात. विषाचा मोठा भाग यांच्यातच असतो. निर्यातीचा लॉट स्वच्छ होतो आणि निवडून काढलेला दाणा स्थानिक बाजारात स्वस्तात जातो. मलावीत ही चिंता उघडपणे बोलली जाते. आपल्याकडे असा दाणा घाण्याकडे वळतो. घाण्यात विषाचा थोडा भाग तेलात उतरतो, बराचसा पेंडीत राहतो, आणि पेंड जाते गोठ्यात.

गाय बी1 चं एम1 (त्याच कुळातलं विष) करून दुधात सोडते. खाल्लेल्याच्या साधारण एक ते तीन टक्के, जास्त दूध देणारीत याहूनही अधिक. दोन किलो पेंड, किलोमागे 100 मायक्रोग्रॅम बी1 असलेली, म्हणजे दिवसाला 200 मायक्रोग्रॅम. दोन टक्के धरले तर 4 मायक्रोग्रॅम एम1, दहा लिटर दुधात लिटरमागे 0.4. भारतातली मर्यादा 0.5 आहे, युरोपची 0.05. दूध तपासायला मात्र शेंगदाण्याची अँटिबॉडी चालेल असं गृहीत धरू नये. एम1 चा वेगळा हायड्रॉक्सिल गट बसतो तो नेमका फ्युरानच्या टोकाला, जे टोक बी1 च्या अँटिबॉडीने ओळखायला शिकलेलं असतं. तिथेच फरक पडल्यावर ती एम1 ला कितपत ओळखेल याचा भरवसा नाही. त्यासाठी एम1 चंच ऑक्झाइम करून जोडणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. बदल्यात दुधाला मिथेनॉल लागत नाही: थंड करून सेंट्रिफ्यूजमध्ये साय वेगळी काढायची आणि खालचं दूध थेट खळग्यात, गुणक जवळपास एक.